आकार घटला, खोली वाढली: ओकायामाच्या टेकडीवरचा कोमोरिझुका कोफुन, पुणेकरांसाठी परीक्षण

जपानला जाणारे बहुतेक पुणेकर कोफुन, म्हणजे जुन्या राजा-सरदारांचं मातीच्या ढिगाऱ्यातलं थडगं, बघायचा म्हणून ओसाकाजवळच्या साकाईला जातात, खंदकाच्या काठावर उभं राहून एका दाट झाडीचा फोटो काढतात आणि परततात. त्यात त्यांची चूक नाही. तिथला दाइसेन कोफुन 486 मीटर लांबीचा, जपानमधला सगळ्यात मोठा. पण तो शाही घराण्याच्या कारभार खात्याकडे आहे आणि आत पाऊल ठेवता येत नाही. क्रमांक दोन आणि तीनचंही तेच. 2019 मध्ये हा सगळा समूह जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे गर्दी वाढली, पण बघायला मिळतं तेवढंच.

ज्यांना थडग्यावर चढायचं आहे आणि आतली बांधणी डोळ्यांनी बघायची आहे, त्यांनी ओसाका सोडून पश्चिमेला ओकायामाला जावं. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे हे नाव आपल्याला ओळखीचं आहेच. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. पण ओकायामाला गेलेली आपली मंडळी कोराकुएन, शेजारचा काळा किल्ला आणि पीचची पेटी एवढ्यावर थांबतात. शहराच्या पश्चिमेला पसरलेल्या किबीच्या मैदानात एका दिवसात, सायकलवर, पाचव्या आणि सहाव्या शतकातले दोन कोफुन बघून होतात, आणि दोन्हींना तिकीट नाही. त्यातला दुसरा, सोजा गावाच्या हद्दीत टेकडीच्या उतारावर बसलेला कोमोरिझुका, हा या परीक्षणाचा खरा विषय. पहिल्याबद्दलही लिहावं लागेल, कारण तो न बघता कोमोरिझुका बघितला तर तो नुसता अंधारा बोगदा वाटतो.

गुण आधीच देऊन टाकतो: जागेला पाचपैकी साडेचार, तिथल्या माहितीफलकांना दोन, सायकलच्या सोयीला चार.

जायचं कसं

शिन-ओसाकाहून नोझोमी या शिनकानसेन बुलेट ट्रेननं ओकायामा पाऊण तासावर. ओकायामा स्टेशनवर किबी मार्गाची गाडी पकडायची. पाट्यांवर तिचं नाव मोमोतारो मार्ग असंही असतं. ही छोटी डिझेल गाडी आहे आणि तासाला एक-दोनच असतात. पुणे-लोणावळा लोकलची सवय असलेल्यांना हे वेळापत्रक समजावून सांगायला नको, पण शिनकानसेनच्या धुंदीत असलेला माणूस नेमका इथे फसतो. जायची आणि यायची, दोन्ही वेळा सकाळीच बघून ठेवा.

दहा-बारा मिनिटांत बिझेन-इचिनोमिया स्टेशन येतं. तिथे उतरून भाड्यानं सायकल घ्यायची आणि पंधरा-सतरा किलोमीटरवरच्या सोजा स्टेशनला जमा करायची. उलट दिशेनंही जाता येतं, पण तसं करू नका. इचिनोमियाकडून निघालं की आधी पाचव्या शतकातला मोठा ढिगारा लागतो आणि मग सहाव्या शतकातली खोली. काळ सरळ क्रमानं उलगडतो. भाडं दिवसाला हजार येनच्या घरात आहे. सायकल साधी, बऱ्याचदा गिअर नसलेली, पुढे टोपली लावलेली. रस्ता जवळजवळ सपाट असल्यामुळे तेवढी पुरते. दुसऱ्या टोकाला सायकल किती वाजेपर्यंत घेतात हे सायकल घेतानाच विचारून घ्या, कारण सगळा दिवस त्या वेळेवरून उलटा मोजायचा आहे.

वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं, ही मोठी सोय. एप्रिल 2023 पासून हेल्मेटही सगळ्यांनी घालावं अशी कायद्याची अपेक्षा आहे; दुकानात मागून घ्या. चालत्या सायकलवर फोन बघणं हा मात्र तिथे गुन्हा आहे आणि त्यावर कारवाई होते. नकाशा बघायचा तर थांबा. (लक्ष्मी रोडवर घासलेले हात इथे आवरा.) सायकलवाट भाताच्या बांधांमधून, कालव्यांच्या काठानं जाते आणि कालव्याला बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. भाड्याच्या सायकलीचा मिणमिणता दिवा अंधार पडल्यावर पुरत नाही, हे नोव्हेंबर-डिसेंबरात लक्षात ठेवायलाच हवं.

वाटेत किबित्सु देऊळ लागतं. सध्याची इमारत 1425 ची, जोडशिखरांचं छप्पर, आणि टेकडीच्या उताराबरोबर खाली उतरत जाणारी लांबलचक लाकडी ओसरी. अर्धा तास द्या, पण जास्त नको. खरं काम पुढे आहे.

पहिला टप्पा: त्सुकुरियामा

इथे एक सावधगिरी. या मैदानात त्सुकुरियामा नावाचे दोन मोठे कोफुन आहेत. लिहिताना चित्रलिपीतलं पहिलं अक्षर वेगळं, उच्चार मात्र एकच. एक ओकायामा शहराच्या हद्दीत, साधारण 350 मीटर लांब. दुसरा सोजाच्या हद्दीत, 280 मीटरच्या आसपास. स्थानिक लोक गोंधळ टाळायला पहिल्याला झोझान आणि दुसऱ्याला साकुझान म्हणतात. नकाशात नुसतं नाव टाकलंत तर फोन वाटेल तो निवडतो आणि दोघांमध्ये सायकलचं चांगलंच अंतर आहे. पत्ता विचारताना झोझान म्हणा. आपल्याला आधी तो हवा आहे.

झोझान हा जपानमधला चौथ्या क्रमांकाचा कोफुन, आणि ज्यांच्यावर कुणालाही चढता येतं अशांमधला सगळ्यात मोठा. बांधणी पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातली. मागे गोल, पुढे चौकोनी पसरट, म्हणजे जुन्या कुलपाच्या भोकासारखा आकार. उतार तीन टप्प्यांत कापलेला, उंची तीस मीटरच्या घरात. जमिनीवरून हा आकार अजिबात कळत नाही. दिसते ती झाडं उगवलेली एक टेकडी. म्हणून निघण्यापूर्वी जपान सरकारच्या भूगोल सर्वेक्षण संस्थेचा नकाशा इंटरनेटवर उघडा. त्यात उंचसखलपणा सावलीनं दाखवणारा एक थर आहे, तो लावला की झाडी गायब होते आणि कुलपाचं भोक स्पष्ट उमटतं. त्याचं चित्र फोनमध्ये साठवा. वर उभं राहून ते समोर धरलं की आपण गोल भागावर आहोत की चौकोनी, हे क्षणात कळतं. ही नकाशासेवा फुकट आहे आणि कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त शिकवते.

हा ढिगारा सगळा माती वाहून रचलेला नाही. आधीच असलेल्या टेकडीचा दांडा कापून वेगळा काढला, बाजू तासल्या आणि कमी पडलं तिथे भर घातली. साडेतीनशे मीटरची वास्तू शक्य झाली ती या युक्तीमुळे. त्यावर उतार धुपू नयेत म्हणून गोटे बसवले होते आणि टप्प्यांच्या कडेनं हानिवा नावाच्या भाजक्या मातीच्या नळकांड्यांच्या रांगा उभ्या केल्या होत्या. आजही पावसानंतर उतारावर खापराचे तुकडे उघडे पडलेले दिसतात. उचलू नका. 1921 पासून ही जागा संरक्षित आहे आणि खिशात खापर घेऊन परतणं तिथे कायद्यानं महागात पडतं.

पायथ्याशी छोटं माहिती केंद्र आहे, स्वच्छतागृह तिथेच उरकून घ्या. मग पुढच्या चौकोनी भागावरच्या देवळापाशी चढा. अंगणात एक दगडी कुंड ठेवलेलं दिसेल, हात धुवायच्या कुंडासारखं. ती शवपेटी आहे. एकाच दगडातून कोरून काढलेली, आणि दगड क्यूशू बेटावरच्या आसो ज्वालामुखीचा, म्हणजे समुद्रमार्गे शेकडो किलोमीटर आणलेला. फलक नजरेत भरत नाही, त्यामुळे अर्धे लोक त्यात डोकावून न बघताच पुढे जातात.

मागच्या गोल भागाचा माथा असा सपाट का, याचं उत्तर थडग्यात नाही, 1582 मध्ये आहे. तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीनं जवळच्या ताकामात्सु किल्ल्याला पाण्यानं वेढा घातला तेव्हा त्याच्या विरोधातल्या मोरी घराण्याच्या सैन्यानं या ढिगाऱ्यावर ठाणं केलं आणि माथा सपाट करून मातीचे तट घातले. मोक्याच्या उंचवट्याचा किल्ला करायची बुद्धी सह्याद्रीपुरती मर्यादित नाही. मात्र त्यामुळे मूळ माथा कसा होता ते गेलं.

मुख्य दफन-दालन उघडलेलं नाही. त्या काळची पद्धत वरून खड्डा घेऊन पेटी उतरवायची, वरून दगडांनी झाकायची आणि कायमचं बंद करायची. आजूबाजूला सहा लहान कोफुन आहेत, त्यातला सेन्झोकु नावाचा पाचवा मुद्दाम बघण्यासारखा. त्यात क्यूशू पद्धतीचं दगडी दालन सापडलं आणि सरळ व वक्र रेषांच्या नक्षीची एक शिळा. ही शिळा दालनात साचणाऱ्या पाण्यामुळे पापुद्रे सुटून खराब होऊ लागली आणि शेवटी बाहेर काढावी लागली. पाणी हा कोफुनचा सगळ्यात मोठा शत्रू, हे इथे समजून घेऊन पुढे चला.

कोमोरिझुका

झोझानहून पश्चिमेला निघालं की काही वेळानं बित्चू कोकुबुन्जी देवळाचा पाचमजली मनोरा दिसायला लागतो. उंची 34 मीटर, सध्याचा मनोरा एकोणिसाव्या शतकातला, देवळाची मूळ स्थापना मात्र आठव्या शतकातली, सम्राट शोमूच्या 741 च्या आदेशानंतरची. सगळे सायकलवाले त्याच्याकडे नजर लावून जोरात पाय मारतात आणि मनोऱ्याच्या थोडं अलीकडे, पूर्वेच्या टेकडीवर असलेला कोमोरिझुका मागे टाकतात. मनोऱ्यापाशी पोचलात म्हणजे तुम्ही पुढे आलात, मागे फिरा. सायकल खाली लावायची, कुलूप लावायचं आणि पायवाटेनं चढायचं. चढण पर्वतीच्या 103 पायऱ्यांपुढे काहीच नाही.

हाही कुलपाच्या भोकाच्या आकाराचा, पण लांबी साधारण 100 मीटर. झोझानच्या एक तृतीयांशही नाही. काळ सहाव्या शतकाचा उत्तरार्ध. नाव पडलं आत राहणाऱ्या वटवाघळांवरून. पूर्वी याला कुरोहिमेचं थडगं म्हणत. सम्राट निन्तोकूची ही किबीची प्रेयसी जुन्या आख्यानांमधून भेटते. दगडांचा काळ त्या कथेशी जुळत नाही, पण गोष्ट गावात टिकली आहे.

आता आतले आकडे. तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत दगडी बांधकाम 19.4 मीटर. त्यातलं मुख्य दालन 7.7 मीटर लांब, 3.6 मीटर रुंद आणि 3.6 मीटर उंच. उरलेली सुमारे पावणेबारा मीटर प्रवेशाची बोळ. फुटांत सांगायचं तर दालन पंचवीस बाय बारा आणि उंची बारा फूट, म्हणजे कोथरूडमधल्या एखाद्या जुन्या वन बीएचकेएवढी जागा, फक्त छत दीडपट उंच आणि वर टेकडीचं ओझं. नारा जिल्ह्यातल्या आसुकाचा प्रसिद्ध इशिबुताई कोफुन ज्यांनी पाहिला आहे त्यांच्यासाठी: त्याचं दालनही 7.7 मीटरच लांब आहे. फरक एवढा की इशिबुताईवरची माती नाहीशी झाली असून दगडांचा सांगाडा उघडा पडला आहे, तिथे तिकीट आहे आणि बसमधून उतरणाऱ्या सहली आहेत. इथे माती जागच्या जागी आहे. थडगं म्हणून बांधलेली वस्तू थडग्याच्या रूपात दिसते ती इथे.

आणि हाच या दिवसाचा गाभा आहे. शंभर-दीडशे वर्षांत ढिगारा साडेतीनशे मीटरवरून शंभरावर आला आणि आतली खोली मात्र एका पेटीच्या खड्ड्यावरून तीनशे चौरस फुटांवर गेली. कष्ट बाहेरच्या दिखाव्यातून आतल्या बांधकामात सरकले. कारण पद्धत बदलली: वरून कायमचं बुजवायच्या खड्ड्याऐवजी बाजूनं शिरायचं दालन आलं. तोंडावरचे दगड काढले की पुन्हा आत जाता येतं, त्याच घरातलं पुढचं माणूस शेजारी ठेवता येतं. कोमोरिझुकात दगडी पेटीखेरीज भाजक्या मातीच्या आणि लाकडी पेट्यांचे अवशेषही मिळाले. एका बांधकामात अनेक दफनं.

मधोमध जी दगडी पेटी आहे ती घराच्या छपरासारख्या झाकणाची, आणि तिचा दगड भिंतींच्या ग्रॅनाइटपेक्षा वेगळा, शिंपल्यांच्या चुऱ्यानं बनलेला चुनखडीचा. तो पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या इबारा भागातला. झोझानच्या अंगणातल्या पेटीचा दगड आठवा: तो समुद्रापलीकडून आणलेला, हा शेजारच्या तालुक्यातला म्हणावा असा. किबीच्या सरदारांचा हात पाचव्या शतकात किती लांब पोचत होता आणि सहाव्यात किती आखडला, याचा यापेक्षा बोलका पुरावा या मैदानात दुसरा नाही. निदान आमचं मत तसं आहे.

भिंती कशा बघायच्या

इथे घाई करू नका. नुसतं आत डोकावून निघालात तर दोन मिनिटांचं काम आहे. बांधणी वाचायची असेल तर अर्धा तास लागतो.

दालन टेकडीच्या उतारावर का, इथून सुरुवात करा. सपाटीवर बांधायचं तर सगळी माती वाहून आणावी लागते आणि पाया बसतो. उतारात एक खाच घेतली की मागची बाजू निसर्गानं दिलेली असते, खाली घट्ट थर मिळतो आणि पाणी आपोआप तोंडाकडे उतरतं. खाचेच्या तळाशी सगळ्यात मोठे दगड आधी बसवतात, सपाट बाजू आतल्या अंगाला. हे खालचे दगड भिंतीचा भार तर घेतातच, पण मागच्या मातीचा रेटाही थोपवतात. त्यावरचा प्रत्येक थर थोडासा आत सरकवलेला असतो, त्यामुळे भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि छताच्या शिळेला कमी अंतर झाकावं लागतं. टॉर्चचा झोत भिंतीवर समोरून न मारता कडेनं, जवळजवळ भिंतीला समांतर धरा. हा झुकाव, सांधे आणि पेटीवरच्या छिन्नीच्या खुणा तेव्हाच दिसतात. फोनचा दिवा पुरत नाही. मुठीत मावणारी चांगली टॉर्च पुण्यातूनच न्या.

मोठ्या दगडांमधल्या फटींत लहान चिपा ठोकलेल्या दिसतील. त्या भरतीच्या वाटतात, पण काम मोठं आहे: दगड हलू देत नाहीत आणि मागची माती आत येऊ देत नाहीत. एखादी चीप निसटली की पावसाबरोबर त्या फटीतून माती झिरपते, दगडामागे पोकळी होते, आणि काही दशकांनी वरचा दगड सरकतो. दालनात एखाद्या फटीखाली मातीचा ताजा शंकू दिसला तर तो याचाच. या भागातला ग्रॅनाइट हवापाण्यानं कुजून आपल्या मुरमासारखा भुसभुशीत होतो, त्यामुळे हा धोका जास्त. बांबूची मुळं दुसरा धोका. ती सांध्यात घुसून पाचरीसारखं काम करतात, म्हणून ढिगाऱ्यावर झाडी माजू न देणं हे जतनाचं कंटाळवाणं पण मुख्य काम.

वर बघा. छताची शिळा कशी चढवली असेल? भिंत उंच होत जाते तशी बाहेरून मातीही तेवढीच वर आणत राहायची. भिंत पूर्ण झाली की ती मातीच उतरण होते आणि त्यावरून शिळा ओढत आणता येते, उचलावी लागत नाही. अंदाजासाठी हिशेब करू: साडेतीन मीटर लांब, दोन रुंद आणि एक मीटर जाड असा ग्रॅनाइटचा तुकडा धरला तर तो 7 घनमीटर, म्हणजे साडेअठरा टनांच्या आसपास भरतो. असे दगड ओढायला लाकडी घसरगाड्या वापरत. त्यातली एक, 8.8 मीटर लांब, दोन फांद्या फुटलेल्या झाडाच्या एकाच बुंध्यातून केलेली, 1978 मध्ये ओसाकाजवळच्या फुजिइदेरात एका कोफुनच्या खंदकात सापडली. शिळा बसली की सांधे चिकणमातीनं लिंपायचे आणि वर मातीचे पातळ थर एकेक करून धुम्मस मारून चोपायचे. चोपलेले थर पाणी सहज आत सोडत नाहीत. मातीचा ढिगारा म्हणजे नुसता भराव नव्हे, ते छताचं वॉटरप्रूफिंग आहे, आणि चौदाशे वर्षं टिकलेलं. गच्चीच्या गळतीशी दर जूनमध्ये झुंजणाऱ्या सोसायट्यांनी यावर थोडा विचार करावा.

आपल्याकडच्या सवयीमुळे एक गैरसमज होतो. पाताळेश्वर, कार्ले, भाजे पाहिलेला डोळा असं दालन बघितलं की कोरलेलं समजतो. हे कोरलेलं नाही. बाहेर रचून मग पुरलेलं आहे. तुलना करायचीच तर लेण्यांशी नको, विदर्भातल्या महापाषाणीय दगडी वर्तुळांशी करा. माहूरझरी, नायकुंड इथलं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं डॉ. शां. भा. देव यांच्या पुढाकारानं केलं, आणि तिथेही मृताबरोबर घोडा आणि घोड्याचा साज मिळाला. कोमोरिझुकातही तलवारीची कडीदार मूठ, घोड्याचा साज आणि सुए नावाची करडी, हजार अंशांहून जास्त तापमानात भाजलेली भांडी निघाली. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही आणि काळातही हजार वर्षांहून जास्त अंतर आहे, पण जायच्या आधी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात एक चक्कर मारलीत तर थडग्यात घोड्याचा लगाम का ठेवतात हा प्रश्न तुमच्या डोक्यात आधीच तयार असेल.

काय बिघडू शकतं

आत जायला मिळेलच असं गृहीत धरू नका. दगडांची स्थिती आणि पाऊस बघून दार बंद ठेवलं जातं. तेव्हा गजांमधून टॉर्च मारून बघावं लागतं. म्हणूनही झोत लांब जाणारा हवा. गज ओलांडू नका, भिंतीला हात टेकवू नका. वटवाघळं असतील तर झोत छतावर रोखून धरू नका आणि फ्लॅश मारू नका.

रंगीत भित्तिचित्रांची अपेक्षा ठेवून येऊ नका. ती आसुकाच्या ताकामात्सुझुका आणि किटोरा या दोन लहान थडग्यांत होती. त्यातल्या ताकामात्सुझुकाची चित्रं 1972 मध्ये उजेडात आली आणि बुरशीमुळे अखेर 2007 मध्ये अख्खं दालन सुटं करून बाहेर काढावं लागलं. कोमोरिझुकात बघायचं ते बांधकाम. ज्यांना दगडाच्या सांध्यात रस नाही त्यांनी खाली मनोऱ्यापाशी बसलेलं बरं; उगाच वर येऊन ‘एवढंच?’ म्हणू नये.

ऋतू निवडताना दोनच गोष्टी बघा. जून ते जुलैचा मध्य पावसाचा, तेव्हा पायवाट निसरडी आणि दालन ओलं. ऑगस्ट-सप्टेंबरात उन्हाचा तडाखा, डास, गवतात मामुशी हा विषारी साप, आणि मोठ्या गांधीलमाश्या. गडद कपडे आणि उग्र अत्तर टाळा, पूर्ण विजार घाला. एप्रिलअखेर मनोऱ्याभोवतीच्या शेतांत गुलाबी रेंगेची फुलं असतात म्हणून तेव्हा गर्दी. ढिगाऱ्याचा आकार मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीत सगळ्यात चांगला कळतो, कारण गवत बसलेलं असतं आणि ओकायामात हिवाळा कोरडा, उन्हाचा. थंडी सोसत असेल तर हाच काळ.

शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा हे उत्तम. मनोऱ्याजवळ दुकान आहे, पण उदोनचं, म्हणजे जाड नूडल्सचं, पाणी बहुतेक वेळा माशाच्या किसाचं असतं, भाजी दिसली तरी. ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घ्यायची तर उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची. किबीदांगो ही इथली खास गोळी चिकट तांदळाच्या पिठाची आणि साखरेची, ती बिनधास्त घ्या. सोजाचा लाल तांदूळही मिळाला तर आणण्यासारखा.

माहितीफलकांना दोनच गुण दिलेत त्याचं कारण सरळ आहे: कामाचा मजकूर जपानीत आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं काढलेल्यालाही पुरातत्त्वाचे शब्द अडतात. फोनमधलं कॅमेऱ्यानं भाषांतर करणारं अॅप आधीच उतरवून ठेवा. टेकडीवर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

वेळ उरला तर

पहिला मोह किनोजोचा होतो, मोमोतारो या लोककथेतल्या वीरानं हरवलेल्या राक्षसाचा डोंगरी किल्ला म्हणून. भाड्याच्या बिनगिअर सायकलनं तिथे जाऊ नका, चारशे मीटरची चढण आहे. त्यासाठी वेगळा दिवस आणि सोजाहून टॅक्सी.

त्यापेक्षा कुराशिकीच्या हद्दीतला तातेत्सुकी बघा, सायकलवाटेपासून फार लांब नाही. हा कोफुनच्याही आधीचा, दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा, टेकडीच्या माथ्यावरचा ढिगारा: मधला गोल, दोन बाजूंना हात, आणि माथ्यावर उभे केलेले पाच प्रचंड दगड. पेटीखाली तीस किलोंहून जास्त हिंगूळ अंथरलेलं सापडलं. इथल्याच मोठ्या नक्षीदार मातीच्या आधारपात्रांतून पुढे हानिवा घडल्या. दोन हातांपैकी एक पाण्याच्या टाकीसाठी आणि एक घरांच्या वसाहतीसाठी गेला. टेकड्या वाचवायच्या सह्या गोळा करणाऱ्या पुणेकरांनी हे जरूर बघावं. जपानमध्ये सगळं जपलं जातं ही समजूत तिथे उतरते.

वेळ अगदीच कमी असेल तर क्रम असा लावा: सकाळी नऊच्या सुमारास इचिनोमिया, किबित्सु देऊळ अर्धा तास, झोझान दीड तास, कोमोरिझुका एक तास, मनोरा आणि जेवण, मग साकुझानला बाहेरून नजर टाकून सोजा. मधले थांबे धरून सहा तास पुरतात. मुलं बरोबर असतील तर सात धरा. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी सायकल सोडून सोजाहून टॅक्सीनं थेट मनोऱ्यापर्यंत यावं आणि तिथून चालत कोमोरिझुका करावा. झोझान मग दुसऱ्या दिवसावर. सायकल जमा केल्याशिवाय किबी मार्गाची गाडी गाठायची घाई करू नका, कारण सोजा स्टेशनवरून हाकुबी मार्गाच्या गाड्याही सुटतात आणि कुराशिकीमार्गे ओकायामाला परत जाता येतं.